सव्वीस वर्षांचा खंड

घोडेगावच्या कोर्टासमोर वकिलांच्या ऑफिसांची ओळ आहे. त्यातल्या तिसऱ्या गाळ्यात इंद्रायणी संपत वारुळे गेली बावीस वर्षं खुर्ची झिजवते आहे. पाटीवर नाव तिचं नाही, अॅडव्होकेट गोरखनाथ इंदोरे यांचं आहे. ते बरोबरच, कारण काळा कोट त्यांच्याकडे आहे. बाकी दावा कसा लिहायचा, कैफियत किती दिवसांत द्यायची, कुठल्या सातबाऱ्यावर कुणाच्या आजीचं नाव राहून गेलंय, कुठला साक्षीदार सकाळी शुद्धीवर असतो आणि दुपारी नसतो, हे सगळं इंद्रायणीकडे. 'इंदोरे वकिलाकडं काम असलं तर आधी इंदूताईला गाठा,' असं लोक एकमेकांना सांगतात. वकीलसाहेबही हे हसत हसत चारचौघांत सांगतात. हसायला त्यांचं काय जातंय!

तर या बाईनं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वकिलीच्या प्रवेश परीक्षेला बसायचा उद्योग केला, आणि ती पास झाली. नुसती पास झाली असती तर विषय तिथंच मिटला असता. पण तिला कॉलेजही मिळालं, चाकणच्या पुढचं, सकाळचं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मोबाइलवर 'प्रवेश स्वीकारला' असं कळवायचं, नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाणार. बुधवार उजाडला तरी तिचं काही ठरत नव्हतं.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तेही सांगायला हवं. वकीलसाहेबांच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी आरती नावाची पोरगी आली. पुण्याला शिकलेली, चुणचुणीत, पण गट नंबर म्हणजे काय हे विचारणारी. तिला मनाईचा अर्ज लिहायला इंद्रायणीनं शिकवलं. शेजारी बसवून, ओळ न् ओळ. आरती तिला 'मावशी' म्हणते आणि मनापासून म्हणते. एकदा वकीलसाहेब जुन्नरला गेले होते, म्हणून आरती एकटी कोर्टात उभी राहिली. न्यायाधीशांनी वाटपाची तारीख विचारली आणि आरती अडखळली. मागच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन इंद्रायणी बसली होती. तारीख तिच्या जिभेवरच होती. ती उठून बोलून गेली.

"आपण कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मी कारकून हाय साहेब, इंदोरेसाहेबांकडं."

"मग बसा."

आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. नियमानं जे बोलायचं तेच बोलले. ती बसली. आरतीनं आपल्यापुढचे कागद चाळून तीच तारीख सांगितली, ती लिहून घेतली गेली. परतीच्या यस्टीत मंचरपर्यंत इंद्रायणीचे कान तापलेले होते आणि मंचर ते नारायणगाव या टप्प्यात तिनं मोबाइलवर फॉर्म भरून टाकला. फॉर्म रागात भरला होता. राग दोन दिवसांत उतरला, फॉर्म काही उतरला नाही. मग रोज जाता-येता यस्टीतच तिनं अभ्यास केला, शेजारच्या बाईच्या कोथिंबिरीच्या पेंढ्या मांडीवर घेऊन.

सासर तिचं वारूळवाडीला, नारायणगावच्या कुशीत. रोज साडेचारला उठायचं, भाकरी थापायच्या, सासूबाई कुशाबाईंना औषध-पाणी द्यायचं, आठ वाजून दहाची गाडी पकडायची, मंचरला उतरून घोडेगावची दुसरी धरायची. संध्याकाळी तेच उलट. बावीस वर्षांत तिनं किती चढ-उतार केले ते तिच्या गुडघ्यांना विचारा. कॉलेज घेतलं तर पहाटे सव्वापाचची गाडी धरावी लागणार. म्हणजे उठायचं साडेतीनला. दुपारी कॉलेज सुटलं की उलटं घोडेगावला यायचं, अर्धा दिवस ऑफिस, मग घर. असं तीन वर्षं. त्यानंतर वकिलीची सनद, आणि सनद मिळाली की कुणीतरी विश्वासानं कागद हातात द्यायला हवेत. तोवर बाई बावन्न-त्रेपन्न वर्षांची. हा हिशोब करताना ती प्रत्येक वेळी अर्ध्यातच जांभई द्यायची.

बुधवारी जेवताना तिनं संपतला सांगितलं. संपत टोमॅटोचे क्रेट वाहणारा टेम्पो चालवतो. हंगामात नारायणगावच्या बाजारात त्याचा दिवस उजाडतो आणि तिथंच मावळतो. माणूस वाईट नाही. पण त्याला नवीन गोष्ट सांगितली की तो आधी तिच्यातला खड्डा शोधतो, ड्रायव्हरचा स्वभाव.

"आता शिकून कुनाची भांडनं सोडवनारेस?" तो म्हणाला. "आदी सोताचं गुडघं सोडव."

"गुडघ्यांचं काय, ते न शिकताबी दुखत्यात."

"मग कर की. मी नगं म्हनतोय का? पर सांगतो, पन्नाशीत सनद, साठीत अशील. आन सकाळच्याला आयला औषद कोन देनार?"

"तुमी."

संपतनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला आणि बराच वेळ आमटीकडे बघत राहिला. कुशाबाई आतून म्हणाल्या, "मला काय, मी मरंन की तवर." त्या गेली अकरा वर्षं हेच म्हणताहेत. लेकीला, श्रेयाला, पुण्याला फोन लावला तर ती किंचाळलीच, "मम्मी! लई भारी! घेऊन टाक!" लेकीचा आनंद खरा होता, पण त्या आनंदात पहाटेचा स्वयंपाक बसत नव्हता. फोन ठेवल्यावर इंद्रायणीला आणखीच दमल्यासारखं झालं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. ज्यांना त्यातलं काही उचलायचं नाही, त्यांच्या हो-ला काय करायचं?

गुरुवारी तिनं वकीलसाहेबांना सांगितलं. त्यांना खरंच कौतुक वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, "अरे वा, इंदूताई!" म्हणाले, चहा मागवला. चहा येईपर्यंत कौतुक टिकलं. अर्धा कप संपता संपता त्यांना पुढच्या महिन्यातल्या तारखा आठवायला लागल्या.

"पण इंदूताई, तुम्हाला काय गरज आहे? अर्धं कोर्ट तुमच्या जिवावर चालतं. वकील होऊन तुम्ही काय वेगळं करणार?"

"बोलीन, साहेब."

"म्हणजे?"

"कोर्टात बोलीन. उभं राहून."

ते हसले. यात वाईट काही नव्हतं, माणूस हसतो. मग म्हणाले, "बघा बुवा. तुमचं तुम्ही ठरवा. मला मात्र तुमच्यासारखं माणूस शोधावं लागेल. अर्ध्या दिवसात हे ऑफिस चालायचं नाही, तुम्हालाही माहीत आहे." तिला माहीत होतंच. बावीस वर्षांत ते ऑफिस अर्ध्या दिवसात चालणार नाही अशी व्यवस्था तिनं स्वतःच करून ठेवली होती.

कागदपत्रांत एक कागद राहिला होता, गॅप सर्टिफिकेट. शिक्षण सोडल्यापासून आतापर्यंत काय करत होता याचं प्रतिज्ञापत्र. असली प्रतिज्ञापत्रं तिनं पोरांना शेकड्यानं टाइप करून दिली आहेत. कुणी बारावीला दांडी मारलेली असते, कुणाचा एक वर्षाचा खंड, कुणाचा दोन. मजकूर ठरलेला, नाव आणि वर्षं तेवढी बदलायची. तिनं तो कॉम्प्युटरवर उघडला आणि बदलायला लागली. बी.ए. झालं एकोणीसशे नव्याण्णवला. म्हणजे खंड सव्वीस वर्षांचा. पुढची ओळ तयारच होती: 'सदर कालावधीत मी घरीच होते व अन्य कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.'

घरीच होते!

तिनं ती ओळ खोडली. त्या जागी लिहायला लागली, की सदर कालावधीत मी एक मुलगी वाढवली, सासऱ्यांचं सगळं अंथरुणात केलं, अमुक इतके दावे लिहिले, तमुक इतक्या कैफियती लिहिल्या, तीन नवीन वकिलांना कामाला लावलं. चार ओळी झाल्यावर तिला वाटलं, हे कॉलेजातला कारकून वाचणार. तोही कुणाच्या तरी ऑफिसात खुर्ची झिजवणारा. त्याला या बाईची कहाणी कशाला? त्याला एक ओळ हवी आहे, ती नसली तर तो फॉर्म परत करील. तिनं चारही ओळी पुसल्या आणि 'घरीच होते' पुन्हा लिहिलं. प्रिंट काढली. कुणीतरी वकिलानं ओळखीची सही करायला हवी होती, म्हणून कागद आरतीपुढे ठेवला.

आरतीनं वाचलं. मग नाव पुन्हा वाचलं. "मावशी, तुम्ही? खरंच?"

"का? शोभत नाय व्हय?"

"तसं नाही हो. पण..." आरती खाली बघत म्हणाली, "मला तर कधी कधी वाटतं हे सोडून बँकेची परीक्षा द्यावी. तुम्ही आणि यात कशाला येताय?" आणि तिनं सही केली. इंद्रायणीनं कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. आता कागदपत्रं पुरी झाली होती. फक्त मोबाइलवरचं ते एक बटण दाबायचं राहिलं होतं आणि त्यावर तिचं बोट जात नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला दारात पांढरी गाडी थांबली. गाडीतून तिचा भाचा ऋषी उतरला, मागून भाची प्राची. इंद्रायणीचं माहेर अवसरी बुद्रुकचं, हिंगे घराण्यातलं. भाऊ बहिरू गेल्या वर्षी गेला. त्याची ही दोन लेकरं. ऋषी शेती बघतो, प्राचीला पिंपळगावला दिली आहे. आत्याला बघून प्राची गळ्यात पडली.

"आत्या, आपलंच काम हाय आज," ऋषी म्हणाला. "साहेबांशी बोलनं झालंय. हक्कसोडाचं."

हक्कसोड पत्र काय असतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बाप गेला की बहिणीनं दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यायचं आणि वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून दिला म्हणून सही-अंगठा करायचा. बिनमोबदला, स्वखुशीनं. मग भाऊ मिसळ खाऊ घालतो, मंचरला थांबून साडी घेतो, आणि बहिणीचं माहेर शाबूत राहतं. कायद्यानं मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण वाटा घेतलेल्या बहिणीला दिवाळीला आणायला कुणी येत नाही, हेही त्याच पोराला माहीत आहे.

इंद्रायणी कॉम्प्युटरपुढे बसली. वकीलसाहेबांनी मजकूर सांगायची गरज नव्हती. गट नंबर तर तिला पाठच होते. याच जमिनीचं हक्कसोड सोळा वर्षांपूर्वी तिनं स्वतः करून दिलं होतं. याच गाळ्यात, स्वतःच्या हातांनी टाइप करून. तेव्हा वडील नुकतेच गेले होते. बहिरूनं दारात चप्पल काढली होती आणि म्हणाला होता, "अक्का, तूच कर म्हंजी चूक व्हनार नाय." आणि झाली नव्हती. एक काना-मात्रा इकडची तिकडे नव्हती. वकीलसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. तिलाही त्या दिवशी अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोला! आपण आपल्याच पायावर धोंडा पाडतो आहोत आणि तो किती सुबक घडवला आहे ते लोकांना दाखवतो आहोत, हे तिच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

आज तिनं तोच मजकूर पुन्हा टाइप केला. 'इंद्रायणी'च्या जागी 'प्राची' आली, 'बहिरू'च्या जागी 'ऋषी'. बाकी एक शब्द बदलावा लागला नाही.

"साक्षीदार नेहमीसारखेच," वकीलसाहेब म्हणाले. "एक तुम्ही, एक सत्तारभाई." सत्तारभाईंचं शेजारीच झेरॉक्सचं दुकान. या दोघांनी आजवर इतक्या दस्तांवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत की कार्यालयातला शिपाई त्यांना जोडीनंच हाक मारतो.

नंबर दुपारनंतरचा लागला. ऋषी आणि वकीलसाहेब जेवायला गेले. आत्या आणि भाची कार्यालयाबाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसल्या. प्राचीनं पर्समधून राजगिऱ्याची वडी काढली, अर्धी आत्याला दिली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग प्राची एकदम म्हणाली,

"आत्या, मी सही नाय केली तर काय व्हईल गं?"

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कितीतरी बायकांनी विचारला होता. याच बाकावर, वकील जेवायला गेलेले असताना, याच दबक्या आवाजात. आणि बावीस वर्षं तिचं उत्तर ठरलेलं होतं: 'ते साहेबांना विचारा बाई, मी आपली कारकून.' आजही ते ओठांवर आलं. पण समोर प्राची होती. हिला तिनं न्हाऊ घातलं होतं.

"काय व्हनार नाय," ती म्हणाली. "तुझा वाटा तुझ्याकडं राहील. ऋषीला जेवढा, तेवढाच तुला. कुनी काय करू शकत नाय."

"आन दादा?"

"दादा बोलायचा बंद व्हईल."

"मग काय व्हनार नाय म्हनून कसं सांगतीस?"

प्राचीनं वडीचा कागद घडी घालून घालून अगदी बारीक केला.

"तू केलीस तवा तुला कुनी सांगितलं व्हतं का हे?"

"मला सांगायची काय गरज? मला समदं ठाऊक व्हतं."

"तरी केलीस?"

"व्हय. तरी केली."

"मग मला कशाला सांगतीस गं?" प्राची चिडली. चिडताना तिचे डोळे भरले. "तुला समदं ठाऊक व्हतं, तुझ्या पाठीशी एवढं ऑफिस व्हतं, तरी तू नाय म्हनाली नाईस. मी कुनाच्या जिवावर म्हनू? हा वकील कुनाचा? दादाचा. आन तू कुनाची? वकिलाची. मग माझ्या बाजूचं हितं हाय तरी कोन?"

पोरगी बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. भावाला वकील होता आणि बहिणीला भावाच्या वकिलाची कारकून. आजवर या बाकावर जेवढ्या बसल्या त्या सगळ्यांना असंच होतं, आणि ती कारकून हीच होती. तिला लाज वाटली. कुणी रागावल्यावर वाटते तशी नव्हे. आपण काय केलं हे आपल्यालाच कळल्यावर वाटते तशी. तिनं प्राचीचा हात धरायला आपला हात पुढं केला, पण प्राची डोळे पुसत उठली, कारण आतून नंबर पुकारला होता.

पुढचं सगळं दहा मिनिटांचं. प्राची खुर्चीत बसली, कॅमेऱ्याकडे बघितलं, अंगठा टेकवला. "स्वखुशीनं करताय ना?" असं विचारलं गेलं, तिनं मान हलवली. सही केली, पानापानावर. मग टेबलामागच्या माणसानं न बघताच हात पुढं केला, "साक्षीदार. आधार कार्ड."

सत्तारभाईंनी कार्ड दिलं. इंद्रायणीचं कार्ड तिच्या हातात होतं, ते हातातच राहिलं.

"इंदूताई," वकीलसाहेब म्हणाले.

"माझी सही नगं, साहेब."

"म्हणजे काय? बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. पर ही स्वखुशीनं करतीय असं मला सांगता यायचं नाय. आत्ताच बाकावर माझ्यापुढं रडलीय ती."

ऋषी आधी आत्याकडे, मग बहिणीकडे बघायला लागला. प्राचीनं मान वर केली नाही. वकीलसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "इंदूताई, तमाशा नको." आणि कागद घेऊन सोबत आलेल्या आरतीकडे वळले. आरतीनं आपलं कार्ड काढलं. ते देताना तिनं एकदा इंद्रायणीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. दस्त नोंदला गेला. एका बाईनं सही न केल्यामुळे कुठं काही अडलं नाही. काही अडावं म्हणून तिनं केलं नव्हतं, पण अडलं नाही याचं तिला वाईट वाटलं, भयंकर वाईट वाटलं.

बाहेर ऋषी तिच्यापुढे उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आत्या, तू घरची. लोकांच्या शंभर कागदांवर सह्या करतीस. आन घरच्या कागदावर हात आखडलास? धा मानसांत माझं तोंड काळं केलंस."

"ऋषी, मी..."

"नगं. आमी तुला कवा परकं मानलं नाय. बाबा गेल्यावर पन पयली भाऊबीज मी आनलीती तुझ्याकडं. आता कुठल्या तोंडानं येऊ, तूच सांग."

उत्तराची वाट न बघता तो गाडीकडे निघाला. प्राची गाडीत बसलेली होती. गाडी वळताना तिनं काचेतून आत्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता की आणखी काही, हे इंद्रायणीला कळलं नाही. आणि गाडी मंचरच्या रस्त्याला लागली. साडी घ्यायची होती.

ऑफिसात येऊन ती आपल्या खुर्चीत बसली. पावणेपाच झाले होते. वकीलसाहेब आत फोनवर होते. आज ते काही बोलणार नव्हते. सोमवारी बोलणार होते, शांतपणे, चहा मागवून. ते काय बोलतील हेही तिला माहीत होतं. अंग असं जड झालं होतं की पंखा लावायला उठवत नव्हतं. वकिलीचा नाद केला तर माणसं तुटतील अशी तिला आतून भीती होती, आणि ती गेले तीन दिवस गुडघ्यांचं, यस्टीचं, औषधाचं नाव पुढं करून ती भीती झाकत होती. आता झाकायचं काही उरलं नव्हतं. सनद मिळायच्या आधीच ती पहिली केस हरली होती आणि तिची फी म्हणून माहेर देऊन बसली होती.

तिनं मोबाइल काढला. चष्मा लावला. आनंद झाला नाही, उमेद वगैरेही आली नाही. ती फक्त गप्प राहून राहून थकली होती आणि त्यापुढे साडेतीनला उठणं तिला हलकं वाटलं. तिनं बटण दाबलं. स्क्रीनवर एक गोल थोडा वेळ फिरला आणि मग प्रवेश निश्चित झाल्याचं आलं. शेजारच्या दुकानातून सत्तारभाई हात पुसत आले, "काय झालं, इंदूताय?" तिनं स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. सत्तारभाईंनी ती लांब धरून वाचली, मान हलवली, आणि न बोलता पंखा लावून गेले.

वारूळवाडीला पोचायला साडेसात झाले. संपत ओट्यावर टेम्पोच्या टायरची ट्यूब घेऊन बसला होता. ती चप्पल न काढताच पायरीवर टेकली आणि तिनं झालेलं सगळं सांगितलं. प्राचीचं, साक्षीचं, ऋषीचं, आणि शेवटी कॉलेजचं. संपत ट्यूब बाजूला ठेवून ऐकत होता.

"सव्वापाचची गाडी म्हंजी तुला पाचलाच स्टँडवर सोडावं लागंल," तो म्हणाला. "मी तसाच बाजारात जाईन फुडं. आयच्या औषदाचं बगतो मी."

तिनं मान हलवली.

"आन दिवाळीत गं?" त्यानं जरा थांबून विचारलं. "भाऊबीजेला?"

इंद्रायणीनं चपलेचा पट्टा सोडवला.

"दिवाळी झाली की पयली परीक्षा हाय म्हनं," ती म्हणाली. "त्या दिवशी अभ्यास करीन."